आयरिश अभ्यास

आयरिश अभ्यास (अथवा आयर्लंडविषयक अध्ययन) ही आयर्लंड बेटाचा इतिहास, आयरिश व इंग्रजी या दोन भाषांतील तेथील साहित्य, लोकपरंपरा, संगीत, राजकारण आणि स्थलांतर यांचा एकत्र विचार करणारी आंतरविद्याशाखीय ज्ञानशाखा आहे. आयर्लंड, ब्रिटन, अमेरिका, कॅनडा आणि युरोपातील अनेक विद्यापीठांत ती पदवी, पदव्युत्तर व संशोधन पातळीवर शिकवली जाते. महाराष्ट्रात ती स्वतंत्र विषय म्हणून रुजलेली नाही. तरीही मराठी लेखक, नाटककार, पत्रकार आणि राजकीय कार्यकर्ते यांचा आयर्लंडशी आलेला संबंध सव्वाशे वर्षांहून जुना आहे, आणि या ज्ञानशाखेतील काही प्रश्न तर दख्खनच्या इतिहासाशी थेट भिडतात.

नाव आणि व्याप्ती

या विषयाला 'केल्टिक अभ्यास' असेही म्हटले जाते. परंतु दोन्ही नावांची व्याप्ती वेगळी आहे. केल्टिक अभ्यासात आयरिशबरोबर स्कॉटिश गेलिक, मँक्स, वेल्श, कॉर्निश व ब्रेटन या भाषा येतात आणि त्याचा भर प्राचीन व मध्ययुगीन भाषाशास्त्रावर असतो. आयरिश अभ्यास एका देशापुरता मर्यादित असला तरी काळाच्या दृष्टीने अधिक विस्तृत आहे. मध्ययुगीन मठांतील हस्तलिखितांपासून बॉस्टनमधील स्थलांतरित वस्त्यांपर्यंत सर्व काही त्यात येते.

कोणते साहित्य 'आयरिश' मानावे, हा या शाखेतील जुना वाद आहे. जोनाथन स्विफ्ट, ऑलिव्हर गोल्डस्मिथ, ऑस्कर वाइल्ड, जॉर्ज बर्नार्ड शॉ ही नावे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या 'इंग्रजी लेखक' म्हणूनच शिकवली गेली. यांपैकी स्विफ्ट, वाइल्ड आणि शॉ यांचा जन्म डब्लिनचा. सॅम्युएल बेकेटही डब्लिनचेच, पण त्यांनी आपले महत्त्वाचे लेखन आधी फ्रेंच भाषेत केले. भाषा, जन्मस्थान आणि वाचकवर्ग यांपैकी कशावरून लेखकाचे राष्ट्र ठरवायचे, याचे एकच उत्तर या अभ्यासाने दिलेले नाही. बेळगावचा मराठी लेखक कोणत्या वाङ्मयेतिहासात बसवावा, या प्रश्नाशी परिचित असलेल्या वाचकाला ही अडचण नवी वाटणार नाही.

उगम

आयरिश भाषेचा शास्त्रीय अभ्यास आयर्लंडबाहेर सुरू झाला, ही या शाखेच्या इतिहासातील लक्षणीय बाब आहे. आठव्या-नवव्या शतकांतील आयरिश भिक्षूंनी लॅटिन ग्रंथांच्या समासांत व ओळींमध्ये आपल्या भाषेत टिपा लिहून ठेवल्या होत्या. ही हस्तलिखिते व्युर्त्सबुर्ग, मिलान व सेंट गालेन येथील संग्रहांत सुरक्षित राहिली. त्यांच्या आधारे योहान कास्पार त्सॉइस या जर्मन विद्वानाने १८५३ साली केल्टिक भाषांचे व्याकरण प्रसिद्ध केले. पुढे रुडॉल्फ टुर्नआयझेन यांचे प्राचीन आयरिशचे व्याकरण (१९०९) प्रमाणभूत ठरले. कुनो मायर या जर्मन पंडितानेच १९०३ साली डब्लिनमध्ये आयरिश विद्येची शाळा स्थापन केली. डब्लिनमधील रॉयल आयरिश अकादमी १७८५ पासून हस्तलिखिते जमवीत होती. पण ती वाचण्याची शास्त्रीय पद्धत परदेशी पंडितांकडून आली.

प्राचीन आयरिश भाषा संस्कृतच्या दूरच्या नात्यातील आहे. त्या भाषेत राजाला 'री' म्हणतात आणि त्याचे षष्ठीचे रूप 'रीग' होते. संस्कृत 'राज्' धातूशी त्याचे नाते आहे. 'बो' म्हणजे गाय, 'फेर' म्हणजे पुरुष (संस्कृत 'वीर'), 'डेत' म्हणजे दात. संख्यावाचकांत 'त्री' म्हणजे तीन. संस्कृत शिकलेल्या विद्यार्थ्याला प्राचीन आयरिशमधील विभक्ती व धातुरूपे इतरांपेक्षा सोपी जातात, असे नाही. मात्र ती अनोळखी वाटत नाहीत.

या भाषाशास्त्राचे भारताशी प्रत्यक्ष नातेही आहे. डब्लिनमध्ये जन्मलेले व्हिटली स्टोक्स (१८३०–१९०९) हे एकोणिसाव्या शतकातील अग्रगण्य आयरिश भाषापंडित होते, आणि त्यांची नोकरी होती भारतात. १८७७ ते १८८२ या काळात ते व्हाइसरॉयच्या मंडळाचे विधी सदस्य होते. दिवसा कायद्याचे मसुदे आणि उरलेल्या वेळी प्राचीन आयरिश संहितांचे संपादन, असा त्यांचा क्रम होता. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ त्यांच्याच कारकिर्दीतला. महाराष्ट्रातील कोणत्याही दुय्यम निबंधक कार्यालयात आजही गहाणखत वा खरेदीखत होते, तेव्हा त्यामागे हाच कायदा असतो. त्याच्या एका शिल्पकाराला आयरिश वाङ्मयाच्या इतिहासात संशोधक म्हणून मान आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

दुसरे नाव जॉर्ज अब्राहम ग्रिअर्सन (१८५१–१९४१) यांचे. डब्लिन परगण्यात जन्मलेले ग्रिअर्सन डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात शिकले आणि तेथेच त्यांना संस्कृतची गोडी लागली. त्यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाचा सातवा खंड (१९०५) संपूर्णपणे मराठीला वाहिलेला आहे. तो स्टेन कोनो यांनी सिद्ध केला व ग्रिअर्सन यांनी संपादित केला. मराठीच्या बोलींचा अभ्यास करणाऱ्याला आजही या खंडापासून प्रारंभ करावा लागतो.

भाषा चळवळ आणि विद्यापीठ

डग्लस हाइड यांनी १८९२ साली आयर्लंडच्या निरिंग्रजीकरणाची आवश्यकता मांडणारे व्याख्यान दिले आणि पुढील वर्षी गेलिक लीगची स्थापना झाली. मराठीत विष्णुशास्त्री चिपळूणकरांची निबंधमाला १८७४ मध्ये सुरू झाली होती. परकीय सत्तेखालील सुशिक्षितांचा स्वभाषेविषयीचा न्यूनगंड हा दोहोंचा समान विषय होता. फरक मुख्य असा की, चिपळूणकरांसमोर कोट्यवधी लोकांच्या रोजच्या व्यवहाराची भाषा होती, तर हाइड यांच्यासमोर मरणपंथाला लागलेली.

पुढे विद्वत्ता आणि राजकारण यांची सरमिसळ झाली. युनिव्हर्सिटी कॉलेज डब्लिनमध्ये प्राचीन आयरिश इतिहास शिकवणारे ओवेन मॅकनील हे आयरिश स्वयंसेवक दलाचे प्रमुख होते. तेथेच इंग्रजी साहित्य शिकवणाऱ्या थॉमस मॅकडोना यांना एप्रिल १९१६ च्या ईस्टर उठावानंतर गोळ्या घालून ठार करण्यात आले. त्याच उठावातील पॅट्रिक पिअर्स हे शाळाचालक होते. इंग्रजी शिक्षणपद्धती मुलांची मने मारते, अशी टीका त्यांनी केली होती. भारताचे पुढील काळातील राष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी १९१३ ते १९१६ या काळात डब्लिनमध्ये कायद्याचे शिक्षण घेत होते आणि उठावानंतर त्यांना आयर्लंड सोडावे लागले. उठावाला प्रारंभ झाला २४ एप्रिल १९१६ रोजी. त्यानंतर चारच दिवसांनी बेळगाव येथे लोकमान्य टिळकांची होमरूल लीग स्थापन झाली. दोन्ही घटनांत कार्यकारणसंबंध नव्हता, पण 'होमरूल' हा शब्द मात्र आयर्लंडहूनच आला होता.

दुष्काळाचा अभ्यास

१८४५ नंतर बटाट्याच्या पिकावर पडलेल्या रोगामुळे आयर्लंडमध्ये जो महादुष्काळ झाला, तो या अभ्यासाचा मध्यवर्ती विषय आहे. सुमारे दहा लाख माणसे भुकेने व साथींनी मेली आणि त्याहून अधिक देश सोडून गेली. १८४१ च्या जनगणनेत बेटाची लोकसंख्या सुमारे ८१ लाख ७५ हजार होती. १८५१ मध्ये ती सुमारे ६५ लाखांवर आली. आजही ती १८४१ च्या आकड्यापर्यंत पोहोचलेली नाही.

युनिव्हर्सिटी कॉलेज डब्लिनचे अर्थशास्त्रीय इतिहासकार कॉर्मॅक ओ ग्राडा यांनी या दुष्काळाचा आणि जगातील इतर दुष्काळांचा तौलनिक अभ्यास केला आहे. या तुलनेत भारत वारंवार येतो. मदतकार्याची सूत्रे हाती असलेले लंडनच्या अर्थखात्यातील अधिकारी चार्ल्स ट्रेव्हेलियन पुढे मद्रासचे गव्हर्नर आणि नंतर भारत सरकारचे अर्थ सदस्य झाले. उलट दिशेने, आयरिश दुष्काळग्रस्तांसाठी आलेल्या सुरुवातीच्या मोठ्या देणग्यांपैकी एक कलकत्त्यातून गेली होती.

अहमदनगर, पुणे, सोलापूर, सातारा या अवर्षणप्रवण जिल्ह्यांनी १८७६–७८ चा दुष्काळ भोगला. त्या वेळी दुष्काळी कामांवरील मजुरी किती द्यावी, फुकट मदतीने लोक आळशी होतील का, बाजारात सरकारने हात घालावा का, हे प्रश्न तीस वर्षांपूर्वी आयर्लंडमध्ये विचारले गेलेलेच होते. पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्या काळात गावोगावची माहिती जमवून सरकारला जाब विचारला. दुष्काळ हा पावसाचा दोष की राज्यकर्त्यांचा, यावर आयरिश इतिहासकारांत दीर्घ काळ वाद झाला आहे. त्या वादाची साधने वाचलेला विद्यार्थी दख्खनची साधने अधिक जागरूकपणे वाचतो.

जमीन, सावकार आणि बहिष्कार

१८८० च्या शरद ऋतूत आयर्लंडच्या मेयो परगण्यात लॉर्ड अर्न यांचा कारभारी कॅप्टन चार्ल्स बॉयकॉट याच्याशी कुळांनी सर्व व्यवहार तोडले. मजुरांनी काम सोडले, दुकानदारांनी माल नाकारला. त्याच्याच आडनावावरून इंग्रजीत 'बॉयकॉट' हा शब्द रूढ झाला. मायकेल डॅव्हिट यांच्या पुढाकाराने १८७९ मध्ये स्थापन झालेल्या लँड लीगचे ते सर्वांत प्रभावी हत्यार ठरले.

याच्या जवळजवळ सहा वर्षे आधी, डिसेंबर १८७४ मध्ये, पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यातील करडे गावात असेच घडले होते. काळूराम नावाच्या सावकाराने बाबासाहेब देशमुख यांच्याविरुद्ध न्यायालयाचा हुकूमनामा मिळवला. तेव्हा गावाने सावकाराची जमीन कसणे नाकारले. त्याच्या दुकानातून खरेदी थांबवली. न्हावी, परीट यांनीही त्याचे काम बंद केले. अखेर त्याला गाव सोडावे लागले. ही लाट आसपासच्या गावांत पसरली आणि १२ मे १८७५ रोजी सुपे येथील बाजारात दंगलीला तोंड फुटले. पुढे अहमदनगर जिल्ह्यातील पारनेर, श्रीगोंदे, नगर व कर्जत या तालुक्यांत लोण पोहोचले. दंगेखोरांनी सावकारांच्या घरांतून नेमकी गहाणखते व कर्जरोखे बाहेर काढून जाळले; माणसे मारण्याचा उद्देश क्वचितच दिसतो. हा सर्व वृत्तांत सरकारने नेमलेल्या दख्खन दंगे आयोगाच्या अहवालात आहे.

गावाने वाळीत टाकणे ही आपल्याकडील जुनी रीत. जातपंचायतीने ती दुर्बलांवर अन्यायासाठीही वापरली, हे विसरता येत नाही. करड्यात ती प्रथमच सावकारी भांडवलाविरुद्ध इतक्या शिस्तीने वापरली गेली. पुढे टिळकांच्या चतुःसूत्रीत स्वराज्य, स्वदेशी व राष्ट्रीय शिक्षण यांच्या जोडीला 'बहिष्कार' आला. तो मेयोतून आला की करड्यातून, याचा निवाडा एका ओळीत करता येण्यासारखा नाही. परंतु जगभरच्या पाठ्यपुस्तकांत कॅप्टन बॉयकॉटचे नाव असते आणि करड्याचे नसते, एवढे मात्र खरे.

सरकारी उपायांतही साम्य आहे. दख्खन शेतकरी साहाय्य अधिनियम १८७९ मध्ये पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांना लागू झाला. आयर्लंडसाठीचा मोठा जमीन कायदा १८८१ चा. कराराचे स्वातंत्र्य पवित्र मानणाऱ्या राज्यकर्त्यांना दोन्ही ठिकाणी शेतकऱ्याच्या असंतोषापुढे त्या तत्त्वाला मुरड घालावी लागली.

जळालेले दप्तर

३० जून १९२२ रोजी यादवी युद्धाच्या प्रारंभी डब्लिनमधील फोर कोर्ट्स इमारतीत झालेल्या स्फोटात व आगीत आयर्लंडचे सार्वजनिक दप्तर जळून गेले. शतकानुशतकांची न्यायालयीन व महसुली कागदपत्रे, चर्चच्या नोंदवह्या, मृत्युपत्रे आणि १८२१ ते १८५१ या काळातील जनगणनेची बहुतेक मूळ पत्रके त्यात नष्ट झाली. त्यानंतरच्या चार जनगणनांची पत्रके सरकारनेच आधी रद्दीत काढली होती. त्यामुळे घराघरांची संपूर्ण नोंद असलेल्या सर्वांत जुन्या जनगणना १९०१ व १९११ च्या आहेत. आयरिश इतिहासाचा विद्यार्थी पहिल्या सत्रातच शिकतो तो धडा असा की, मूळ कागद नाही; तेव्हा त्याची नक्कल, त्याचा सारांश, त्यावरून कोणीतरी केलेले टिपण शोधावे. ट्रिनिटी कॉलेजच्या नेतृत्वाखाली जगभरच्या ग्रंथालयांतून अशा नकला जमवून २०२२ मध्ये हे दप्तर आंतरजालावर अंशतः पुन्हा उभे करण्यात आले आणि ते सर्वांना विनामूल्य खुले आहे.

वि. का. राजवाडे यांनी गावोगावच्या वाड्यांतून कागद गोळा करून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' हे खंड काढले आणि १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले. आपल्याकडे कागद मोठ्या प्रमाणावर शिल्लक आहेत. मोडी वाचणारे कमी होत आहेत. नगरच्या ऐतिहासिक वस्तुसंग्रहालयासह अनेक ठिकाणची दप्तरे अशा वाचकांची वाट पाहत आहेत. अक्षर वाचता न येणे ही आगीसारखी एका दिवसात होणारी हानी नाही, एवढाच काय तो फरक.

शाळकरी मुलांनी जमवलेला संग्रह

आयर्लंड सरकारने १९३५ मध्ये लोकसाहित्य आयोग नेमला. जेम्स डेलार्गी हे त्याचे संचालक होते. आयोगाने शिक्षण खाते व प्राथमिक शिक्षकांची संघटना यांच्या साहाय्याने १९३७ ते १९३९ या काळात एक उपक्रम राबवला, ज्याला लोकसाहित्याच्या इतिहासात तोड क्वचितच सापडेल. प्राथमिक शाळेच्या वरच्या वर्गांतील, साधारण अकरा ते चौदा वर्षांच्या मुलांनी निबंधलेखनाऐवजी घरातील व शेजारच्या वृद्धांना विचारून माहिती लिहून आणायची, अशी ही योजना होती. विषय शिक्षकांना पुस्तिकेद्वारे पुरवले होते: गावातील जुन्या वाटा, घरगुती औषधे, पावसाची लक्षणे, पुरलेल्या धनाच्या कथा, दुष्काळाच्या आठवणी, बंद पडलेले व्यवसाय, खेळ, म्हणी.

स्वतंत्र राज्यातील २६ परगण्यांतील पाच हजारांवर शाळांनी भाग घेतला. जमलेला संग्रह सुमारे ७,४०,००० पानांचा आहे. तो आता युनिव्हर्सिटी कॉलेज डब्लिनमध्ये असून त्याची पाने आंतरजालावर वाचता येतात. मुलांचे अक्षर, शिक्षकांच्या दुरुस्त्या, सांगणाऱ्या आजोबांचे वय व गाव, सर्व तसेच आहे. संशोधक या संग्रहाकडे सावधपणे पाहतात: शिक्षकाला जे 'सभ्य' वाटले नाही ते गळाले असणार, आणि आजोबांनीही नातवाला सर्व काही सांगितले नसणार. तरीही आयोगाचे मोजके पगारी संग्राहक ज्या घरांत पोहोचू शकले नसते, तेथे ही मुले राहतच होती.

महाराष्ट्रात साने गुरुजींनी 'स्त्री जीवन'मध्ये बायकांच्या ओव्या जमवल्या. दुर्गा भागवत आणि सरोजिनी बाबर यांनी लोकसाहित्याचा अभ्यास व संकलन उभे केले. हेमा राईरकर आणि गी प्वातव्हँ यांच्या पुढाकाराने जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्यांचा संग्रह झाला. मात्र शाळांमार्फत राज्यव्यापी संकलन आपल्याकडे झालेले नाही. मराठी प्राथमिक शाळांचे जाळे आणि 'परिसर अभ्यास' हा विषय हाताशी असताना ते अशक्य होते, असे म्हणता येत नाही.

सक्तीची भाषा, न बोललेली भाषा

आयर्लंडच्या १९३७ च्या संविधानाच्या आठव्या अनुच्छेदानुसार आयरिश ही राष्ट्राची पहिली अधिकृत भाषा आहे. स्वातंत्र्यापासून ती शाळांत सक्तीने शिकवली जाते. २०२२ च्या जनगणनेत १८,७३,९९७ लोकांनी आपल्याला आयरिश येते असे सांगितले. शिक्षणव्यवस्थेबाहेर ती रोज बोलणारे होते केवळ ७१,९६८. या दोन आकड्यांतील अंतर हा आयरिश अभ्यासाचा सर्वांत अस्वस्थ करणारा विषय आहे. राज्यमान्यता, सक्ती, नोकरीतील गुण, १९९६ पासून स्वतंत्र दूरचित्रवाणी वाहिनी, २००७ पासून युरोपीय संघाच्या अधिकृत भाषेचा दर्जा, हे सर्व असूनही बोलणारी घरे वाढली नाहीत. पेग सेयर्स या बेटावरील वृद्धेचे आत्मकथन (१९३६) हा खरे तर मौखिक कथनाचा उत्तम नमुना; पण अनेक वर्षे सक्तीचे पाठ्यपुस्तक राहिल्याने कित्येक पिढ्यांना त्याचे नाव काढताच परीक्षा आठवते. चांगले पुस्तक मुलांच्या मनातून उतरवण्याची कला सर्वच शिक्षण खात्यांना अवगत असते.

मराठीची स्थिती अर्थातच वेगळी आहे. २०११ च्या जनगणनेनुसार मराठी मातृभाषकांची संख्या सुमारे ८ कोटी ३० लाख आहे. २०२० च्या कायद्याने राज्यातील सर्व शाळांत मराठी सक्तीची झाली आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये तिला अभिजात दर्जा मिळाला. दर्जा व सक्ती यांनी काय साधते आणि काय साधत नाही, हे पाहण्यासाठी आयर्लंडइतके जवळचे व दीर्घ नोंदी असलेले उदाहरण दुसरे सापडणे कठीण.

मराठीतील आयर्लंड

मराठीत आयर्लंडचा पद्धतशीर अभ्यास करणारे महत्त्वाचे लेखक म्हणजे नरसिंह चिंतामण केळकर (१८७२–१९४७). त्यांचे 'आयर्लंडचा इतिहास' हे पुस्तक १९०९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्या वेळी टिळक मंडालेच्या तुरुंगात होते आणि स्वदेशातील राज्यकर्त्यांवर लिहिणे धोक्याचे होते. परक्या देशाच्या इतिहासातून स्वतःच्या देशाविषयी बोलण्याची ही रीत त्या काळच्या वाचकाला पूर्ण परिचयाची होती.

रंगभूमीवर आयर्लंड नाव न सांगता आला. गोविंद बल्लाळ देवल यांचे 'दुर्गा' (१८८६) हे नाटक टॉमस सदर्न यांच्या शोकनाट्यावर आधारलेले आहे. सदर्न डब्लिनजवळ जन्मले व ट्रिनिटी कॉलेजात शिकले. देवलांचेच 'संशयकल्लोळ' मुळात मोलिएरचे असले तरी मराठीत आले ते आर्थर मर्फी यांच्या १७६१ च्या इंग्रजी रूपांतरावरून, आणि मर्फी रॉसकॉमन परगण्यातील. म्हणजे फाल्गुनराव पॅरिसहून आयरिश माणसाच्या हातून लंडनला आणि तेथून सांगलीकडच्या देवलांकडे आला. वि. वा. शिरवाडकरांचे 'दूरचे दिवे' वाइल्ड यांच्या नाटकावरून, तर पु. ल. देशपांडे यांची 'ती फुलराणी' (१९७५) शॉ यांच्या नाटकावरून. उच्चारावरून माणसाची किंमत ठरवणाऱ्या समाजाची शॉ यांनी केलेली थट्टा पुलंनी मराठी बोलींच्या आधारे उभी केली. लंडनच्या उच्चारांकडे शॉ ज्या तटस्थतेने पाहतात, ती डब्लिनकराची आहे, हे आयरिश अभ्यासाच्या अंगाने वाचल्यास लक्षात येते. जेम्स जॉइस यांच्यामुळे जगभर पोहोचलेल्या संज्ञाप्रवाही कादंबरीचा मराठी अवतार बा. सी. मर्ढेकरांच्या 'रात्रीचा दिवस' (१९४२) मध्ये आढळतो.

सर्वांत निकटचा वाङ्मयीन संबंध विदर्भातील बडनेरा येथे जन्मलेल्या श्री पुरोहित स्वामी (१८८२–१९४१) यांचा. १९३० मध्ये ते युरोपात गेले आणि पुढच्या वर्षी त्यांची कवी विल्यम बटलर येट्स यांच्याशी ओळख झाली. स्वामींच्या आत्मचरित्राला (१९३२) येट्स यांनी प्रस्तावना लिहिली. स्वामींचे गुरू भगवान श्री हंस यांनी मराठीत लिहिलेल्या कैलास–मानससरोवर यात्रावृत्ताचा स्वामींनी केलेला इंग्रजी अनुवाद १९३४ मध्ये आला. त्यालाही येट्स यांची प्रस्तावना आहे. १९३५–३६ च्या हिवाळ्यात दोघांनी स्पेनच्या मायोर्का बेटावर राहून दहा प्रमुख उपनिषदांचे भाषांतर केले, ते १९३७ मध्ये प्रसिद्ध झाले. येट्स यांना संस्कृत येत नव्हते. अर्थ स्वामींचा आणि इंग्रजीची घडण मुख्यतः येट्स यांची. रवींद्रनाथ आणि येट्स यांच्या मैत्रीवर जेवढे लिहिले गेले, तेवढे या सहकार्यावर मराठीत लिहिले गेलेले नाही. येट्स यांच्या उत्तरायुष्यातील काव्याचा अभ्यास करणाऱ्याला मूळ मराठी यात्रावृत्त वाचल्याशिवाय अनुवाद ताडून पाहता येत नाही, आणि तेथे मराठी येणे हेच मोठे भांडवल ठरते.

अहिल्यानगर जिल्ह्याशी संबंध

८ ऑगस्ट १८०३ रोजी आर्थर वेलस्ली यांच्या फौजेने अहमदनगर शहराच्या तटावर शिड्या लावून हल्ला केला आणि १२ ऑगस्टला भुईकोट किल्ला शिंद्यांच्या किल्लेदाराने सोडला. वेलस्ली, म्हणजेच पुढील काळातील ड्यूक ऑफ वेलिंग्टन, डब्लिनमध्ये जन्मले होते. डब्लिनच्या फिनिक्स पार्कमध्ये त्यांच्या नावाचा ६२ मीटर उंचीचा स्तंभ असून त्याच्या एका बाजूला भारतातील युद्धांचे कांस्यशिल्प आहे. आयर्लंड एकाच वेळी वसाहत आणि साम्राज्याचा भागीदार होता, हे या अभ्यासातील अवघड सत्य नगरच्या किल्ल्यापाशी उभे राहिल्यास सहज कळते.

त्याच किल्ल्यात १९४२ ते १९४५ या काळात जवाहरलाल नेहरू व त्यांचे सहकारी स्थानबद्ध होते. नेहरूंनी विद्यार्थिदशेत डब्लिनला भेट दिली होती आणि मुलीला लिहिलेल्या जागतिक इतिहासावरील पत्रांत आयर्लंडवर स्वतंत्र पत्रे लिहिली होती. स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांना परिचित असलेली, भारतीय संविधानातील राज्य धोरणाची मार्गदर्शक तत्त्वे ही आयर्लंडच्या संविधानातील पंचेचाळिसाव्या अनुच्छेदाच्या नमुन्यावर घेतलेली आहेत. घटना सल्लागार बी. एन. राव १९४७ च्या अखेरीस डब्लिनला जाऊन इमॉन डी व्हॅलेरा यांना भेटले होते.

पारनेरचे सेनापती बापट (१८८०–१९६७) शिष्यवृत्ती घेऊन एडिंबरा येथे यंत्र अभियांत्रिकी शिकण्यास गेले होते. त्या शहरातील विद्यापीठात १८८२ पासून केल्टिक भाषांचे अध्यासन होते. पण त्या पिढीतील भारतीय विद्यार्थ्याला परदेशी पाठवले जाई ते कायदा, वैद्यक वा यंत्रविद्या यांसाठी. साहित्य वा इतिहास शिकण्यासाठी परदेशी जाण्याची कल्पना घरच्यांना पटवणे आजही सोपे नाही.

विद्यापीठे आणि प्रवेश

गॉलवे विद्यापीठातील आयरिश अभ्यास केंद्र, बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठातील संस्था (१९६५), लिव्हरपूल विद्यापीठातील संस्था (१९८८), अमेरिकेतील नोटर डेम विद्यापीठ, बॉस्टन कॉलेज व न्यूयॉर्क विद्यापीठ ही या विषयाची प्रमुख केंद्रे आहेत. लोकसाहित्यासाठी युनिव्हर्सिटी कॉलेज डब्लिन, साहित्यासाठी ट्रिनिटी कॉलेज, प्राचीन भाषेसाठी मेनूथ आणि डब्लिनची प्रगत अध्ययन संस्था (१९४०) प्रसिद्ध आहेत. हार्वर्डमध्ये केल्टिक भाषांचा स्वतंत्र विभाग आहे. पदव्युत्तर अभ्यासक्रम बहुधा एका वर्षाचा असून सप्टेंबरमध्ये सुरू होतो. आयरिश भाषा आधी येण्याची अट सहसा नसते. ती प्राथमिक पातळीपासून शिकवली जाते.

आयर्लंड सरकार युरोपीय संघाबाहेरील विद्यार्थ्यांना दरवर्षी ६० शिष्यवृत्त्या देते. त्यांत एका वर्षाचे शुल्क माफ होते व १०,००० युरो निर्वाहभत्ता मिळतो. विषयाचे बंधन नसले तरी स्पर्धा तीव्र असते. महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी आहे आणि तिच्यासाठी विद्यापीठाच्या जागतिक क्रमवारीची अट असते. आयर्लंडमध्ये विद्यार्थ्याला सत्रकाळात आठवड्याला २० तास काम करण्याची मुभा आहे. डब्लिनमधील घरभाडे पाहता एवढ्या कमाईवर विसंबून जाणे शहाणपणाचे नाही. बेलफास्ट युनायटेड किंग्डममध्ये असल्याने तेथील व्हिसा वेगळा असतो; एकाच बेटावर अभ्यास करताना दोन राज्यांचे नियम पाळावे लागतात.